फर्ग्युसननंतर कोण? : फुटबॉल क्लबचा मुख्य प्रशिक्षक कसा निवडला जातो

- क्रीडा प्रतिनिधी

८ मे २०१३ रोजी मँचेस्टर युनायटेडने सर अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या निवृत्तीची घोषणा केली. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी सूत्रे हाती घेतल्यापासून साडेसव्वीस वर्षांत फर्ग्युसन यांनी क्लबला ३८ करंडक मिळवून दिले होते. त्यांत इंग्लंडच्या साखळीची १३ आणि चॅम्पियन्स लीगची दोन विजेतेपदे होती. निरोपाच्या मोसमातही त्यांचा संघ दुसऱ्या क्रमांकावरील मँचेस्टर सिटीपेक्षा ११ गुणांनी पुढे राहिला.

त्यानंतर जानेवारी २०२६पर्यंत युनायटेडने सहा जणांना कायम प्रशिक्षक म्हणून नेमले आणि या सहाही जणांना कराराची मुदत संपण्यापूर्वीच निरोप दिला. या काळात दोन एफए करंडक, दोन लीग करंडक आणि एक युरोपा लीग एवढी मोठी कमाई झाली. पण २०२४-२५च्या मोसमापर्यंत प्रीमियर लीगचे विजेतेपद एकदाही परतले नाही.

या सहा जणांपैकी दोघे चॅम्पियन्स लीग जिंकून आलेले होते, तर इतर तिघांनी आपापल्या देशाची साखळी जिंकली होती. पैसाही कमी पडला नव्हता. तरीही निवड वारंवार फसली. आपल्याला कोणत्या पद्धतीचा फुटबॉल खेळायचा आहे, खेळाडू कोण निवडणार आणि प्रशिक्षक गेल्यावर मागे काय उरणार, या प्रश्नांची उत्तरे क्लबने आधी दिली नाहीत. प्रत्येक वेळी ती नव्या माणसाकडून मागितली. व्यावसायिक फुटबॉलमधील प्रशिक्षकाची निवड समजून घ्यायची तर युनायटेडचा हा प्रवास आणि त्याच्या शेजारी लिव्हरपूलने चोखाळलेली वाट, ही दोन्ही उदाहरणे पाहावी लागतात.

मॅनेजर आणि मुख्य प्रशिक्षक

आपल्याकडे 'प्रशिक्षक' हा एकच शब्द सरसकट वापरला जातो. इंग्लंडमध्ये मात्र परंपरेने 'मॅनेजर' हे पद होते. सराव घेणे आणि अकरा खेळाडू निवडणे हा मॅनेजरच्या कामाचा एक भाग झाला. कोणता खेळाडू विकत घ्यायचा, कोणाला विकायचे, युवा संघातून कोणाला वर आणायचे, संघासाठी प्रतिभा शोधणारे निरीक्षक कोण असावेत, हे सारे बहुतांशी तोच ठरवत असे. फर्ग्युसन हे या परंपरेतील अखेरचे मोठे नाव मानले जाते.

युरोपच्या मुख्य भूमीवर वेगळी रीत होती. तेथे क्रीडा संचालक नावाचा अधिकारी दीर्घकालीन धोरण आणि खेळाडूंची खरेदी पाहतो, तर मुख्य प्रशिक्षक उपलब्ध खेळाडूंकडून सामने जिंकून घेतो. प्रशिक्षक बदलला तरी क्रीडा संचालक, निरीक्षकांचे जाळे आणि खेळाची शैली जागेवर राहते. गेल्या दोन दशकांत इंग्लंडमधील बहुतेक क्लब या रचनेकडे वळले.

युनायटेडने मात्र फार उशीर केला. फुटबॉल संचालक हे पद क्लबने मार्च २०२१मध्ये, म्हणजे फर्ग्युसन यांच्या निवृत्तीनंतर जवळजवळ आठ वर्षांनी प्रथमच निर्माण केले आणि त्यावर जॉन मर्टो यांची नियुक्ती केली. तोपर्यंत चार कायम प्रशिक्षक नेमून झाले होते.

वारस नेमला, पण घर रिकामे झाले

फर्ग्युसन यांच्या निवृत्तीच्या घोषणेनंतर दुसऱ्याच दिवशी, ९ मे २०१३ रोजी एव्हर्टनचे डेव्हिड मोयेस यांचे नाव जाहीर झाले. त्यांना सहा वर्षांचा करार मिळाला. या निवडीत फर्ग्युसन यांचा शब्द निर्णायक ठरला होता. त्यांनी मोयेस यांना आपल्या घरी बोलावून ही जबाबदारी त्यांच्याकडे येत असल्याचे सांगितले, हे मोयेस यांनीच पुढे जाहीरपणे कथन केले आहे. मोयेस हेही स्कॉटिश, मेहनती आणि एकाच क्लबमध्ये ११ वर्षे टिकलेले. फर्ग्युसन यांना त्यांच्यात आपले प्रतिबिंब दिसले असेल, तर नवल नाही.

स्वभावाचे साम्य जुळले. पण परिस्थितीचे जुळले नाही. मोयेस यांनी एव्हर्टनमध्ये तुटपुंज्या साधनांत संघ वरच्या क्रमांकांत ठेवला होता. करंडक मात्र एकही जिंकला नव्हता. दर आठवड्याला विजयाचीच अपेक्षा असलेल्या क्लबमध्ये काम करण्याचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता. शिवाय त्याच उन्हाळ्यात क्लबचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडले आणि खेळाडूंच्या खरेदीची सूत्रे एड वुडवर्ड यांच्याकडे आली. मोयेस यांनी एव्हर्टनमधील आपले सहकारी सोबत आणले. त्यामुळे माइक फेलन, रेने म्युलेनस्टीन आणि एरिक स्टील हे फर्ग्युसन यांच्या विजेत्या चमूतील प्रशिक्षक बाहेर पडले. मैदानाची, ड्रेसिंग रूमची आणि वाटाघाटींच्या टेबलाची जाण असलेली माणसे अशा रीतीने एकाच वेळी दूर झाली.

त्या उन्हाळ्यातील एकमेव मोठी खरेदी, एव्हर्टनचाच मारुआन फेलेनी, खरेदीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी झाली. बचावफळीतील रिओ फर्डिनंड, नेमान्या विदिच आणि पॅट्रिस एव्हरा तिशी ओलांडलेले होते. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी तळाशी असलेल्या फुलहॅमविरुद्ध युनायटेडने तब्बल ८१ क्रॉस टाकले. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. चेंडू बाजूने आत टाकत राहण्यापलीकडे संघाकडे उपाय नव्हता, याचे ते बोलके चित्र होते. २० एप्रिलला जुन्याच क्लबकडून, एव्हर्टनकडून ०-२ असा पराभव झाला आणि दोन दिवसांनी मोयेस यांची उचलबांगडी झाली. सहा वर्षांचा करार अवघ्या दहा महिन्यांत संपला. संघ सातव्या क्रमांकावर राहिला आणि १९९५-९६नंतर प्रथमच चॅम्पियन्स लीगला मुकला.

या प्रकरणात सारा दोष मोयेस यांच्या माथी मारणे सोपे आहे. एखादी संस्था अडीच दशके एका माणसाभोवती उभी राहते, तेव्हा तो गेल्यावर रिकामी होणारी जागा एका खुर्चीपुरती नसते. युनायटेडने खुर्ची भरली. तिच्याभोवतीची व्यवस्था भरली नाही.

मोठे नाव, मोठी अपेक्षा

मोयेस यांच्या नियुक्तीत अनुभव कमी पडला, असा निष्कर्ष क्लबने काढला आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. मे २०१४मध्ये लुई व्हॅन गाल यांची नियुक्ती झाली. १९९५मध्ये आयाक्सला चॅम्पियन्स लीग जिंकून देणारे आणि २०१४च्या विश्वचषकात नेदरलँड्सला तिसरे स्थान मिळवून देणारे हे प्रशिक्षक चेंडूवरील ताब्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. संघ पहिल्या वर्षी चौथा, तर दुसऱ्या वर्षी पाचवा आला. ब्रिटनमधील त्या वेळची विक्रमी किंमत, ५ कोटी ९७ लाख पौंड, मोजून आणलेला आंजेल डी मारिया एका मोसमानंतर पॅरिसला निघून गेला. २१ मे २०१६ रोजी व्हॅन गाल यांनी एफए करंडक जिंकला. २३ मे रोजी त्यांना निरोप देण्यात आला.

चारच दिवसांनी जोस मोरिन्हो यांचे नाव जाहीर झाले. व्हॅन गाल यांचा फुटबॉल ताब्याचा, तर मोरिन्हो यांचा संयमी बचाव आणि वेगवान प्रतिहल्ल्याचा. व्हॅन गाल यांच्या पद्धतीसाठी घेतलेले खेळाडू मोरिन्हो यांच्या हाती आले आणि पुन्हा नवी खरेदी सुरू झाली. पॉल पोग्बासाठी त्या वेळचा जागतिक विक्रम ठरलेले सुमारे ८ कोटी ९० लाख पौंड मोजण्यात आले. पहिल्या मोसमात लीग करंडक आणि युरोपा लीग मिळाली. दुसऱ्या मोसमात ८१ गुणांसह दुसरे स्थान मिळाले. पण विजेते मँचेस्टर सिटी १९ गुणांनी पुढे होते. जानेवारी २०१८मध्ये क्लबने मोरिन्हो यांचा करार वाढवला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांना मध्य बचावपटू हवा होता, तो क्लबने दिला नाही. १८ डिसेंबरला त्यांची हकालपट्टी झाली.

एखाद्या प्रशिक्षकावर विश्वास असल्याने करार वाढवायचा आणि त्याला हवा असलेला खेळाडू मात्र नाकारायचा, हा विरोधाभास येथे ठळकपणे दिसतो. खेळाडू नाकारण्यामागे क्लबची बाजू बरोबरही असू शकेल. पण तसे असेल, तर त्या प्रशिक्षकाशी आणखी वर्षे बांधून घेण्याला अर्थ उरत नाही.

हंगामी यशाचा मोह

मोरिन्हो यांच्या जागी मोसमाच्या अखेरपर्यंत हंगामी प्रशिक्षक म्हणून ओले गनर सोल्सकायर आले. १९९९च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात भरपाई वेळेत विजयी गोल करणारा हा नॉर्वेचा आघाडीवीर युनायटेडच्या चाहत्यांच्या गळ्यातील ताईत होता. ड्रेसिंग रूममधील ताण निवळला, संघ मोकळेपणाने खेळू लागला. सोल्सकायर यांच्या पहिल्या १९ सामन्यांपैकी १४ सामने युनायटेडने जिंकले. ६ मार्च २०१९ रोजी पॅरिसमध्ये पीएसजीला ३-१ असे हरवून संघाने चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी गाठली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, २८ मार्चला क्लबने त्यांना तीन वर्षांसाठी कायम केले. घाईचे कारण नव्हते; हंगामी करार मोसमाच्या अखेरपर्यंत होताच. कायम झाल्यानंतरच्या दहा सामन्यांत युनायटेडला केवळ दोन विजय मिळाले आणि संघ सहाव्या क्रमांकावर राहिला.

नवा प्रशिक्षक आल्यावर निकाल सुधारतात, हा अनुभव फुटबॉलमध्ये नेहमीचा आहे. बहुतेक क्लब पराभवांच्या मालिकेनंतर प्रशिक्षक बदलतात. वाईट काळाच्या अगदी तळाशी बदल केला, की त्यानंतरचा काळ काहीसा बरा असण्याची शक्यता मुळातच अधिक असते. त्या सुधारणेत नव्या माणसाचे श्रेय किती आणि नशिबाच्या चढउताराचे किती, हे काही आठवड्यांत समजत नाही. म्हणून हंगामी प्रशिक्षकाला कायम करण्याचा निर्णय मोसम संपल्यावर, इतर उमेदवारांशी तुलना करूनच घ्यावा, हा धडा या घटनेने घालून दिला.

सोल्सकायर यांची कारकीर्द सर्वस्वी वाया गेली, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांच्या काळात संघ लागोपाठ तिसरा आणि दुसरा आला, युरोपा लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. जुलै २०२१मध्ये त्यांचा करार वाढवण्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये वॉटफर्डविरुद्धच्या १-४ अशा पराभवानंतर तो संपवण्यात आला. मोरिन्हो यांच्या वेळी झालेलीच गोष्ट पुन्हा घडली. उरलेल्या मोसमासाठी राल्फ रांगनिक हंगामी प्रशिक्षक झाले.

योग्य माणूस, अयोग्य वेळ

एप्रिल २०२२मध्ये आयाक्सचे एरिक टेन हाग यांची निवड जाहीर झाली. या वेळी क्लबने बऱ्यापैकी पद्धतशीर शोध घेतला होता आणि पहिल्या मोसमात तिसरे स्थान व लीग करंडकही मिळाला. परंतु खेळाडूंच्या खरेदीत क्लब प्रशिक्षकाच्या ओळखीवर विसंबला. आयाक्सकडून आंतोनीसाठी सुमारे साडेनऊ कोटी युरो देण्यात आले. पुढे आंद्रे ओनाना, मथाईस डी लिग्ट, नुसैर मझरावी असे टेन हाग यांच्या आयाक्समधील जुने शिष्य एकामागोमाग आले. प्रशिक्षकाच्या आवडीवर संघ बांधला, की प्रशिक्षक गेल्यावर तो संघ पोरका होतो.

फेब्रुवारी २०२४मध्ये सर जिम रॅटक्लिफ यांच्या इनिऑस समूहाचा क्लबमधील प्रवेश पूर्ण झाला आणि फुटबॉलविषयक कारभार त्यांच्याकडे आला. तो मोसम संघाने आठव्या क्रमांकावर संपवला. पण मे महिन्यात मँचेस्टर सिटीला हरवून एफए करंडक जिंकला. नव्या कारभाऱ्यांनी मोसमानंतर आढावा घेतला, अन्य प्रशिक्षकांची चाचपणी केली आणि अखेर टेन हाग यांनाच कायम ठेवून जुलैमध्ये २०२६पर्यंत मुदतवाढ दिली. उन्हाळ्यात त्यांच्यासाठी नवे खेळाडूही घेतले. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी, संघ चौदाव्या क्रमांकावर असताना, त्यांना काढण्यात आले. टेन हाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या भरपाईपोटी क्लबच्या हिशेबात १ कोटी ४ लाख पौंड खर्ची पडले.

त्यांच्या जागी स्पोर्टिंग लिस्बनचे ३९ वर्षीय रुबेन अमोरिम आले. अमोरिम यांनी स्पोर्टिंगला २०२१मध्ये १९ वर्षांनंतर पोर्तुगालचे विजेतेपद मिळवून दिले होते आणि २०२४मध्ये ते पुन्हा जिंकले होते. त्यांच्या गुणवत्तेविषयी फारशी शंका नव्हती. शंका जुळणीविषयी होती. त्यांची तीन मध्य बचावपटूंची ३-४-३ ही रचना सर्वश्रुत होती, तर युनायटेडचा संघ चार जणांच्या बचावफळीसाठी उभारलेला होता. या रचनेत दोन्ही कडांवर धावत राहणारे विंगबॅक लागतात. असे खेळाडू युनायटेडकडे जवळजवळ नव्हतेच. अमोरिम यांना मोसम संपल्यावर यायचे होते. क्लबला ते तत्काळ हवे होते. परिणामी नवी रचना शिकवण्यासाठी सरावाचा वेळ नाही, खरेदीची संधी नाही आणि दर तीन-चार दिवसांनी सामना, अशा स्थितीत त्यांनी काम सुरू केले.

२०२४-२५च्या मोसमात युनायटेड ४२ गुणांसह पंधराव्या क्रमांकावर राहिला. प्रीमियर लीगच्या काळातील ही त्याची नीचांकी कामगिरी होती. युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमने ०-१ असे हरवल्याने युरोपची दारेही बंद झाली. या अपयशाची झळ मैदानाबाहेरही पोहोचली. खर्चकपातीच्या नावाखाली क्लबने २०२४मध्ये सुमारे २५० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या कमी केल्या होत्या. फेब्रुवारी २०२५मध्ये आणखी दीडशे ते दोनशे नोकऱ्या जाणार असल्याचे जाहीर झाले. प्रशिक्षक बदलण्यावर उधळलेल्या कोट्यवधी पौंडांच्या पार्श्वभूमीवर तिकीट खिडकीवरील किंवा कार्यालयातील साध्या कर्मचाऱ्याला हा हिशेब पटणे कठीण होते.

४ जानेवारी २०२६ रोजी लीड्सविरुद्धच्या बरोबरीनंतर अमोरिम यांनी पत्रकारांसमोर आपण येथे मॅनेजर म्हणून आलो आहोत, केवळ प्रशिक्षक म्हणून नव्हे, असे सुनावले. त्यांच्या पदाचे अधिकृत नाव मात्र 'मुख्य प्रशिक्षक' असेच होते. दुसऱ्या दिवशी त्यांना पदमुक्त करण्यात आले आणि काही दिवसांनी मोसमाच्या अखेरपर्यंतची जबाबदारी मायकेल कॅरिक यांच्याकडे सोपवण्यात आली. फर्ग्युसन गेल्यानंतर साडेबारा वर्षांनीही प्रशिक्षकाचे अधिकार नेमके कुठवर, हा मूळ प्रश्न क्लबमध्ये सुटलेला नव्हता.

लिव्हरपूलची वेगळी वाट

युनायटेडपासून अवघ्या पन्नासेक किलोमीटरवर लिव्हरपूलसमोर २०२४मध्ये जवळपास तसाच प्रसंग उभा ठाकला. २६ जानेवारीला युर्गन क्लॉप यांनी मोसमाअखेर पद सोडण्याची घोषणा केली. सुमारे नऊ वर्षांत त्यांनी चॅम्पियन्स लीग आणि ३० वर्षांनी इंग्लंडचे साखळी विजेतेपद मिळवून दिले होते. लोकप्रियतेतही ते फर्ग्युसन यांच्या तोडीचे होते.

लिव्हरपूलच्या हाती चार महिने होते. क्लबने प्रथम प्रशिक्षक निवडणारी माणसे निवडली. मार्चमध्ये मालक समूहाने मायकेल एडवर्ड्स यांना परत आणले. रिचर्ड ह्यूज यांची क्रीडा संचालकपदी निवड झाली. त्यानंतर शोध सुरू झाला. चाहत्यांचा कौल क्लबचेच माजी खेळाडू झाबी अलोन्सो यांच्याकडे होता. पण मार्चअखेर त्यांनी लेव्हरकुसेनमध्येच राहण्याचे जाहीर केले. अमोरिम यांचेही नाव चर्चेत होते. अखेरीस फेयेनूर्डचे आर्ने स्लॉट निवडले गेले. इंग्लंडमधील सामान्य चाहत्याला ते नाव फारसे परिचित नव्हते.

निवडीचे निकष मात्र स्पष्ट होते. स्लॉट यांचा संघ चार जणांच्या बचावफळीने, चेंडू हरपताच तो परत मिळवण्यासाठी वर दबाव आणून खेळत असे. म्हणजे क्लॉप यांनी घडवलेल्या खेळाडूंना नवे व्याकरण शिकावे लागणार नव्हते. हाती असलेल्या खेळाडूंची कामगिरी उंचावण्याचा त्यांचा लौकिक होता. खरेदीचा अंतिम निर्णय क्रीडा संचालकाचा, ही रचना त्यांना मान्य होती. लिव्हरपूलमध्ये 'मुख्य प्रशिक्षक' या पदनामाने नेमले गेलेले ते पहिलेच. २०२४च्या उन्हाळ्यात त्या मोसमासाठी क्लबने फेडेरिको किएझा हा एकच खेळाडू घेतला. २७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमला ५-१ असे हरवून लिव्हरपूलने चार सामने शिल्लक असतानाच विजेतेपद निश्चित केले.

आकडेवारीचा आधार ही या क्लबची जुनी सवय आहे. २०१४-१५मध्ये क्लॉप यांचा डॉर्टमुंड संघ जर्मनीत सातवा आला होता. लिव्हरपूलचे संशोधन प्रमुख इयान ग्रॅहम यांनी त्या सामन्यांत निर्माण झालेल्या संधींचा अभ्यास केला, तेव्हा खेळाच्या दर्जानुसार तो संघ दुसऱ्या क्रमांकाचा होता आणि केवळ दुर्दैवाने घसरला, असे दिसले. ऑक्टोबर २०१५मध्ये क्लॉप यांची नियुक्ती झाली, त्यामागे हा अभ्यासही होता. गुणतक्ता पाहणाऱ्याला तेव्हा उतरणीला लागलेला प्रशिक्षक दिसला असता.

अर्थात योग्य निवड म्हणजे अमरपट्टा नव्हे. २०२५च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने ४० कोटींहून अधिक पौंड खर्चून संघात मोठे फेरबदल केले. जुलैमध्ये दिओगो जोटा या खेळाडूच्या अपघाती मृत्यूने संघ हादरला होता. शरद ऋतूत १२ पैकी नऊ सामने गमावण्याची वेळ स्लॉट यांच्यावर आली. चांगल्या प्रक्रियेमुळे अपयशाची शक्यता घटते, ती नाहीशी होत नाही.

निवडीचे टप्पे

वरील घटनांच्या आधारे क्लबला क्रमाने सोडवावे लागणारे प्रश्न असे मांडता येतील :

१) अधिकारांची वाटणी : खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत अंतिम शब्द कोणाचा, हे उमेदवाराशी बोलण्यापूर्वी ठरलेले आणि लेखी असावे.

२) शैली व जुळणी : उमेदवाराची पद्धत हाती असलेल्या खेळाडूंना झेपणारी आहे का? नसल्यास बदलासाठी किती खरेदी-काळ आणि किती पैसा देण्याची तयारी आहे?

३) पात्रता : युरोपातील अव्वल साखळ्यांत मुख्य प्रशिक्षकाकडे यूएफाचा 'प्रो' परवाना असणे आवश्यक असते. आशियात एएफसीचा तत्सम परवाना आहे.

४) निकालांमागील खेळ : करंडकांच्या संख्येपेक्षा साधनांच्या तुलनेत कामगिरी कशी होती, संधी किती निर्माण केल्या, तरुण खेळाडू किती घडवले, खेळाडू किती तंदुरुस्त राहिले, हे पाहणे उपयुक्त ठरते.

५) सहकारी : प्रशिक्षक एकटा येत नाही. त्याच्यासोबत कोण येणार आणि क्लबमधील कोणाला ठेवायचे, याचा निर्णय आधीच व्हावा. मोयेस यांच्या वेळी हाच मुद्दा महागात पडला.

६) वेळ व किंमत : करारबद्ध प्रशिक्षक आणायचा, तर त्याच्या क्लबला भरपाई द्यावी लागते, जुन्याला काढायचे, तर त्यालाही. मोसमाच्या मध्यावरील बदल हा अपरिहार्य असेल तरच करावा.

७) पुढचा वारस : नवा प्रशिक्षक रुजू होतो, त्याच दिवसापासून त्याच्यानंतर कोण, याची यादी क्लबने बाळगावी. ब्रेंटफर्डने २०१८मध्ये थॉमस फ्रँक आणि २०२५मध्ये कीथ अँड्र्यूज यांना आपल्याच प्रशिक्षक-चमूतून बढती दिली, ती अशा तयारीतून.

मुंबई आणि गोव्याचा अनुभव

भारतात इंडियन सुपर लीगमधील क्लबांनाही हे प्रश्न चुकलेले नाहीत. सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९मध्ये मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर २०२०मध्ये क्लबने सर्जिओ लोबेरा यांना आणले. एफसी गोवाने जानेवारी २०२०मध्ये, साखळी ऐन रंगात असताना, त्यांना दूर केले होते. तरी बसलेल्या घडीवर गोव्याने साखळीतील अव्वल स्थान राखले. मुंबईत लोबेरा यांनी पहिल्याच मोसमात साखळीतील अव्वल स्थानाची ढाल आणि करंडक ही दोन्ही विजेतेपदे मिळवली.

लोबेरा गेल्यावर २०२१मध्ये समूहाच्याच मेलबर्न सिटीत काम केलेले डेस बकिंगहॅम आले. एप्रिल २०२२मध्ये मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. नोव्हेंबर २०२३मध्ये बकिंगहॅम मोसम अर्ध्यावर सोडून इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. त्यांच्या जागी पुन्हा मेलबर्न सिटीच्याच चमूतील पेट्र क्रॅटकी आले आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे नमवून मुंबईने करंडक जिंकला. तीन प्रशिक्षक बदलले. खेळण्याची पद्धत फारशी बदलली नाही. एकाच शैलीत तयार झालेले प्रशिक्षक समूहाकडे हाताशी होते, हे त्याचे कारण. डिसेंबर २०२५मध्ये हा समूह मुंबई सिटीतून बाहेर पडला.

दुसरे उदाहरण खालिद जमील यांचे. २००९पासून ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. तुटपुंज्या साधनांत संघाला वरच्या विभागात टिकवून ठेवणारा माणूस, एवढीच त्यांची ओळख होती. २०१६मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. पुढच्याच एप्रिलमध्ये आयझॉलने आय-लीगचे विजेतेपद पटकावून भारतीय फुटबॉलला चकित केले. २०२१मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना नेमले, तेव्हा आयएसएलमधील ते पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक ठरले आणि ऑगस्ट २०२५मध्ये त्यांच्याकडे राष्ट्रीय संघाची धुरा आली. परदेशी नावांच्या मागे धावताना आपल्याच अंगणातील गुणवत्ता मोजण्याची पद्धत क्लबांकडे नव्हती, हेच त्यांच्या प्रवासातून दिसते.

प्रशिक्षकाची नियुक्ती जाहीर होते, तेव्हा सारे लक्ष गळ्यात क्लबचा मफलर घालून छायाचित्रकारांसमोर उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. चाहत्याने त्याच्या मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांकडेही पाहायला हवे. ही निवड कोणी केली, कोणत्या निकषांवर केली आणि ती फसली तर उत्तर कोण देणार, हे त्यांना विचारले गेले पाहिजे. युनायटेडच्या सहा प्रशिक्षकांनी आपापल्या अपयशाची किंमत पद गमावून चुकवली. त्यांना निवडणाऱ्यांचा जाब मात्र क्वचितच कोणी मागितला.